शेडखालची किटली

ती किटली नव्हतीच, हे मी आजवर निदान अकरा जणांना सांगितलं असेल. अकराच्या अकरा जणांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "वयाबरोबर होतं हो असं" म्हणाले आणि मला खुर्चीत बसवलं. जन्मभर थापा मारल्या तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. उतारवयात एकदाच खरं बोलायला गेलो, तर साऱ्या गावाला माझ्या डोक्याची काळजी.

आमचं गाव एनॅमलचं. पत्र्याच्या भांड्यावर काचेचा मुलामा चढवायचा, भट्टीत भाजायचा, की झाला पांढराशुभ्र, निळ्या काठाचा मग. तेराशे माणसं कामाला होती. मी तपासनीस. पट्ट्यावरून येणाऱ्या प्रत्येक मगाला नखानं टिचकी मारायची आणि कान द्यायचा. खणकन वाजला तर पहिला नंबर. बद्द वाजला तर सेकंड. पहिला नंबर खोक्यात बसून जगभर फिरायला जायचा आणि सेकंड आमच्या घरी यायचा. म्हणजे ज्या गावानं जगाला मग पुरवले, त्या गावात एकाही घरी धड मग नव्हता. टवके उडालेले, काठ ओघळलेले. आमच्याकडच्या एकाचा तर कान आतल्या बाजूला होता. हे शेवटचं खरं नाही, पण सांगायला बरं वाटतं.

कारखाना बंद पडला त्याला बावीस वर्षं झाली. माणसं पांगली. आणि पांगलेली माणसं वर्षातून एकदा परत येतात, हा खरा ताप. "माजी रहिवासी मंडळ" असं त्यांनी नाव घेतलंय, छातीला बिल्ले लावतात. बसमधून उतरल्या उतरल्या गेटाशी उभं राहून डोळे पुसायचे. फुटक्या खिडक्यांचे फोटो काढायचे. मग मला विचारायचं, "अरे, कोपऱ्यावरचं न्हाव्याचं दुकान का बंद झालं?" तू गेलास म्हणून, गाढवा! त्याच्याकडे केस कापायला तूच यायचास ना? मग चहा. चहा हातात घेतला की पिण्याआधी प्रत्येक जण कपाला टिचकी मारतो. कप चिनी मातीचा असो की कागदाचा. चाळीस-चाळीस वर्षांची सवय. शेवटी "आपलं गाव पुन्हा उभं राहिलंच पाहिजे" असा ठराव, टाळ्या, आणि चारची बस. गाव उभं करायला मागे आम्हीच.

नऊ वर्षांपूर्वी अशाच एका मेळाव्यात मला दोन मिनिटं बोलायला सांगितलं. समोरची मंडळी इतकी रडवेली, की म्हटलं यांना जरा हसवावं. दिलं ठोकून. "कारखान्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा आपण एक किटली केली होती, आठवते का? तेराशे माणसांचा चहा एकाच किटलीतून! झाकण बसवायला क्रेन लागली. तोटीतून एक मांजर आत गेलं, ते तिसऱ्या दिवशी परतलं, वाट सापडेना म्हणून. पुढे किटली ठेवली पॅकिंग शेडमध्ये, तर वजनानं फरशी खचली आणि अख्खी किटली जमिनीत! साहेबांनी घाईघाईनं वर सिमेंट ओतलं."

एकही माणूस हसला नाही. भट्टीवरचे फोरमन मात्र उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "साखर कमी पडली होती."

मागून दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "सोळा जणांचे हात भाजले होते. मलम मीच लावलं."

तिथंच मी तोंड उघडायला हवं होतं. पण माझ्या थापेत साखर कमी पडल्याचं कुणीतरी सांगतंय, याचा मला इतका आनंद झाला की मी मान डोलावली. बस्स, तिथं फसलो. पुढच्या वर्षी किटलीला निळा काठ आला. त्याच्या पुढच्या वर्षी तिच्यावर फुलं उमटली. नर्सबाईंचे सोळा जण बावीस झाले.

आणि यंदा पत्र आलं. फोरमन आता मंडळाचे अध्यक्ष आणि नर्सबाई सेक्रेटरी. गावाच्या पुनरुज्जीवनासाठी मंडळानं योजना आखली होती. पॅकिंग शेडची फरशी उकरायची, किटली बाहेर काढायची, काचेच्या पेटीत ठेवायची, म्हणजे लोक बघायला येतील आणि गाव पुन्हा गजबजेल. शेड मिळावी म्हणून नगरपालिकेत अर्जसुद्धा दिला होता.

शेडसाठी दुसरा अर्ज माझ्या भाचीचा होता.

भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यापासून माझ्याकडेच वाढली. पुढं शहरात एका टाइल्सच्या कारखान्यात लागली आणि मुलाम्याचं सगळं काम शिकली. सहा महिने बिनपगारी रजा घेऊन आली होती. एक जुनी विजेची भट्टी तिनं मिळवली होती, ती चार महिने माझ्या अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. घरांच्या नंबरपाट्या, रस्त्यांची नावं, दुकानांचे बोर्ड करायचे होते तिला. पांढरे, निळ्या काठाचे. भट्टीला लागणारी वीज आणि वर धड छप्पर गावात एकाच जागी होतं, त्या शेडमध्ये. शेड मिळाली तर राहणार. नाही मिळाली तर एक तारखेला परत कामावर. आणि तिकडून परत येणारी माणसं कशी येतात, ते मी सांगितलंच. बिल्ला लावून.

"मामा, तू जाऊन सांग त्यांना," ती म्हणाली. "किटली नव्हती म्हणून."

"सांगितलं. फोरमनना फोन केला."

"मग?"

"म्हणाले, डॉक्टरला दाखव."

"नर्सबाईंना?"

"त्यांनी डॉक्टरचा नंबर दिला."

तिनं कपाळावर हात मारला. "अख्खं गाव तुला थापामामा म्हणतं, आणि नेमकी ही एक थाप खरी मानतात?"

"चांगली जमली होती गं ती."

"मामा!"

"बरं बरं. रविवारी नगराध्यक्षीणबाई शेडमध्येच येणार आहेत ना निर्णय द्यायला? त्यांच्यासमोर उभा राहून सांगतो. त्या काही कारखान्यातल्या नाहीत."

रविवारी अकराला शेडमध्ये सगळे जमलो. मंडळाची चाळीसेक माणसं बिल्ल्यांसह. भाची एका बाजूला, हातात फाइल. मी घसा खाकरला आणि साफ सांगून टाकलं. किटली नव्हती, मांजर नव्हतं, क्रेन नव्हती. मी थाप मारली होती. माफी असावी.

नगराध्यक्षीणबाईंनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं.

"काका," त्या म्हणाल्या, "मी पाच वर्षांची होते. बाबांनी मला खांद्यावर घेऊन ती किटली दाखवली होती. तिच्यात मला माझं तोंड दिसलं होतं."

आता बोला! मी खुर्ची शोधायला लागलो. कुणीतरी बसवलंच.

"वादच नको," फोरमन म्हणाले. "आपण एनॅमलची माणसं. वाजवून बघू." आणि ऐंशी वर्षांचा तो माणूस गुडघे टेकून जमिनीवर आडवा झाला, कान फरशीला लावला, बोटाच्या पेरानं ठोकलं. मग हात वर केला. "आहे! आतून पोकळ. आणि मुलामा अजून शाबूत!"

झालं. चाळीस माणसं जमिनीवर. कुणी पेरानं, कुणी किल्लीनं, कुणी टाचेनं. जिकडेतिकडे ठकठक आणि "आहे, आहे!" आयुष्यभर ज्यांनी आवाजावरून माल ओळखला, त्यांना आवाजापुढे कोण काय सांगणार? फरशी पोकळ वाजत होती हे खरंच होतं. तिच्याखालून भांडी धुण्याच्या पाण्याचं भुयारी गटार जातं. शेडमधून गेटाकडे, गेटातून आमच्या गल्लीखालून थेट नदीला. तपासनीस होतो मी, मला ठाऊक. पण गटार म्हटलं असतं तर पुन्हा डॉक्टर निघाला असता.

नगराध्यक्षीणबाईंनी पेन काढलं. भाचीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर परवडलं असतं. तिनं फक्त फाइलची दोरी बांधायला घेतली.

मी उठलो. खरं बोलून काय होतं ते बघून झालं होतं.

"फोरमनसाहेब," मी म्हणालो, "तुमचा कान काय सांगतो? हा आवाज किटलीचा, की किटली जिथून गेली त्या बोगद्याचा?"

ते थांबले. "म्हणजे?"

"इतकी वर्षं झाली. एवढं वजन, खाली चिखल, नदीकडे उतार. एका जागी राहील ती? माझं मघाशी चुकलं. किटली नव्हती असं नाही. किटली आता *इथं* नाही. सरकली."

नर्सबाईंनी छातीवर हात ठेवला. "तरीच! मला गेल्या वर्षी गेटाशी पायाखाली हलल्यासारखं झालं होतं."

"चला," मी म्हणालो, "आवाजाच्या मागं जाऊ."

आणि निघाली वरात. पुढे मी, काठीनं ठोकत. मागे फोरमन दर पाच पावलांवर वाकणार, ठोकणार आणि "पुढं!" म्हणणार. त्यांच्या मागे चाळीस बिल्ले, त्यांच्यामागे नगराध्यक्षीणबाई चपला सावरत, सगळ्यांत शेवटी भाची. गेटातून बाहेर. बंद न्हाव्याच्या दुकानावरून. गल्लीत शिरलो. लोक खिडकीतून "काय हरवलं?" म्हणून विचारत होते. माझा बेत सोपा होता. गटार नदीला मिळतं तिथवर यांना न्यायचं, किटली नदीत गेली म्हणून जाहीर करायचं, दोन मिनिटं शांत उभं राहायचं आणि चारच्या बसला लावून द्यायचं.

माझ्या घरापाशी आलो तेव्हा मी पावलं जरा उचलली.

"थांब," फोरमन म्हणाले.

"पुढं आहे साहेब, नदीकडे."

"थांब म्हणतो ना!" ते माझ्या भिंतीला कान लावून उभे होते. मग दार ढकलून सरळ माझ्या स्वयंपाकघरात. मागोमाग मावतील तेवढे बिल्ले. फोरमननी ओट्यासमोर पाय आपटला.

ठणणण.

आता एक गोष्ट कबूल करतो. स्वयंपाकघर वाढवताना मी गुपचूप गटाराच्या चेंबरवर भिंत घेतली होती. चेंबरचं लोखंडी झाकण बरोबर ओट्यापुढच्या फरशीखाली. पंधरा वर्षं त्यावर उभा राहून मी डाळ ढवळलीय. मला काय माहीत ते इतकं सुरेल वाजतं!

"इथं आहे," फोरमन हळूच म्हणाले. "इथं येऊन थांबली. तुझ्याकडे."

सगळे माझ्याकडे बघत होते. नाही म्हणालो असतो, तर मंडळी परत शेडकडे वळली असती. दाराशी, माणसांच्या खांद्यांमधून, मला भाची दिसली. ती मानेनं "नको" म्हणत होती. तिला हे घर ठाऊक होतं. बसायला, जेवायला, वाचायला मला ही एकच खोली.

"बरोबर आहे साहेब," मी म्हणालो. "हीच जागा. मला रात्री चहाचा वास येतो."

नगराध्यक्षीणबाईंनी तिथंच, माझ्या ओट्यावर फाइल ठेवून, शेड भाचीला देऊन टाकली. वर माझ्या वाढीव भिंतीकडे बघून "ही कधी बांधली?" असंही विचारलं. मी म्हटलं, किटलीच्या रक्षणासाठी.

पुढच्या आठवड्यात मंडळानं माझी फरशी फोडली. दीड फुटावर झाकण लागलं.

"एवढंसंच?" कुणीतरी विचारलं. "झाकणाला तर क्रेन लागली होती ना?"

"वजनामुळे," फोरमन म्हणाले. "झाकण कुठल्याही किटलीचं लहानच असतं."

उघडू मात्र दिलं नाही त्यांनी. म्हणाले, आतला सुगंध उडेल. त्या एका बाबतीत मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. आतला सुगंध मला ठाऊक आहे.

तेव्हापासून माझ्या स्वयंपाकघराच्या मधोमध खड्डा, त्याभोवती कठडा आणि कठड्याभोवती माजी रहिवासी. पूर्वी वर्षातून एकदा यायचे, आता दर रविवारी. मी भाकरी थापत असतो आणि माझ्या कोपराशी कुणीतरी हुंदका देत असतं. "जरा बाजूला सरका, फोटोत येताय," असं मला, माझ्या घरात! कुणी कुणी परत राहायला यायचं बोलतात. बोलू देत. दोघं मात्र खरंच आलेत, भाचीकडे कामाला लागलेत. पत्रा कापायला एक, काठ रंगवायला एक. न्हाव्याच्या मुलानं दुकान झाडून काढलंय, म्हणतो रविवारी गिऱ्हाईक होईल. मी कशाला चांगलं म्हणू? माझा ओटा कठड्यापलीकडे गेला, भाकरी जमिनीवर थापतो.

एक तारखेला भट्टी पेटली. एक तारीख मी मुद्दाम कॅलेंडरवर बघितली होती. दुपारी भाची पहिली पाटी घेऊन आली, फडक्यात धरून, अजून कोमट. पांढरी, निळ्या काठाची. माझ्या दाराची: "किटली, आत. चपला बाहेर."

"तपासनीस," ती म्हणाली, "बघ."

मी पाटी एका हातावर तोलली आणि नखानं टिचकी मारली. खणकन वाजली. इतकी स्वच्छ, की कठड्याशी उभ्या असलेल्या नर्सबाईसुद्धा वळल्या.

"सेकंड आहे," मी म्हणालो.

"काय? कुठं सेकंड आहे? मामा, नीट ऐक!"

"ऐकलं. मी सांगतो ना, सेकंड. बाहेर पाठवण्यातला माल नाही हा." मी पाटी छातीशी धरली. "हा इथंच राहणार."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पाटी माझ्या हातातून काढून घेतली, स्वतः टिचकी मारली, आणि ओठ दाबून हसू आवरत म्हणाली, "हो रे. जरा बद्दच वाजतेय."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "किटली बघायला इथूनच ना?"

"इथूनच," मी ओरडलो. "आणि भाकरीवर पाय देऊ नका!"