सूर्याने खोडा घातला तेव्हा

ताईच्या चष्म्याच्या दुकानाला रविवारी सुट्टी असायची आणि ती सगळी सुट्टी तिची रेडिओपाशी जायची. तिचा धाकटा भाऊ दूर दक्षिणेतल्या एका बेटावर, हवामान केंद्रात नोकरीला होता. तिथला फोन कामापुरताच, म्हणून बहीण-भाऊ हौशी, म्हणजे हॅम रेडिओवर बोलत. आज आईही कानाचं यंत्र लावून शेजारी बसली होती. एरवी ते डबीतच असायचं. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि ही बातमी लेकाला आपणच देणार, बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही, अशी तिची ताकीद होती.

ताईने वीस मीटरचा बँड, म्हणजे लहरींचा पट्टा लावला. काही परके आवाज येत होते, तेही बघता बघता विरले. उरली नुसती खरखर.

"वारा होता काल. एरियलची तार तुटली असणार," म्हणत ताईचा नवरा शिडी घेऊन गच्चीकडे निघालाही.

ताईने कॉम्प्युटरवर सूर्याचे आकडे उघडले. क्ष-किरणांची रेघ सरळ वर चढली होती.

"अहो, शिडी ठेवा. तार शाबूत आहे. सूर्यावर स्फोट झालाय."

"त्याला आजचाच दिवस सापडला?" आई म्हणाली. "आता गं?"

"आपला आवाज वर आकाशात आपटून परत खाली येतो ना, त्याच्या वाटेतला एक थर सध्या तो आवाज गिळून टाकतोय. जिथे जिथे ऊन आहे, तिथे हेच."

"म्हणजे झालं आजचं बोलणं," आई म्हणाली.

ताईने बाकीचे आकडेही पाहिले. पृथ्वीच्या चुंबकाची गडबड दाखवणारा आकडा खाली होता. स्फोटामुळे चुंबकी वादळ आलंच तर एक-दोन दिवसांनी. सूर्यावर डागही भरपूर होते, म्हणजे वरचे बँड जोरात. शिवाय तो थर खालच्या लहरींना जास्त छळतो, वरच्या आधी सुटतात. थोडं थांबून दहा मीटरवर जावं, मीटर कमी तितका बँड वरचा, हे तिला कळत होतं. पण तसं भावाशी काही ठरलेलं नव्हतं. त्याला सुचेल? रेडिओ-परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास तर तिनेच करून घेतला होता, चांगला कान पिळून.

चहा होईपर्यंत ती थांबली. मग दहा मीटरवर जाऊन हाक मारली. पुन्हा मारली. खरखरीतून आवाज आला, पातळ पण ओळखीचा.

"ताई, मी कधीचा इथे येऊन बसलोय. तुला इतका वेळ?"

ताईला हसू आवरेना. तिने माईक आईपुढे धरला.

"माझं मोतीबिंदूचं झालं बरं का," आईने सांगून टाकलं. "लख्ख दिसतंय. तुझा दाढीतला फोटो नीट पाहिला. धुरकट दिसायचास तेव्हा देखणा वाटायचास. काढ ती दाढी."

"काढतो, आई." तो हसत होता, हे खरखरीतही कळत होतं. "आणि पुढच्या रविवारी नाही जमलं तर काळजी करू नकोस. सूर्य असाच खवळलेला राहिला तर आणखी एखादं वादळ येईल."

"येऊ दे. माझं सांगून झालंय," आई म्हणाली आणि चहाचा कप तिने जवळ ओढला. बहीण-भाऊ मग आवाज पुन्हा विरेपर्यंत बोलत राहिले.