बाबांची बाजू, आईची बाजू

नर्सबाईंची गाडी तिसऱ्यांदा परत आली तेव्हा मी गॅरेजचं शटर नुकतंच वर सारलं होतं. गुडघे कुरकुरत होते, चहा अर्धाच झाला होता. मी सवयीने खिडकीशी गेले तर तिथे बाई नव्हत्याच. ही गाडी त्यांच्या नवऱ्याने परदेशातून आणलेली, त्यामुळे स्टिअरिंग भलत्याच बाजूला. दर वेळी मी अशीच फसते आणि गाडीला वळसा घालताना स्वतःला शिव्या देते.

"आली बघा पेशंट," बाई म्हणाल्या. उभा जन्म वॉर्डात काढल्यामुळे त्या गाडीबद्दलही तसंच बोलतात. "उभी असली की एक थेंब नाही. जरा फिरवून आणली की खाली लाल डाग. शेजारीण काल विचारत होती, कुणाला लागलंय का."

मी हसले नाही. हसायलासुद्धा अंगात जोर लागतो.

गाडी चाळीस वर्षांची. पुढची चाकं ओढतात, गिअर आपले आपण पडतात, आणि त्या गिअरबॉक्सचं तेल लाल असतं. पहिल्यांदा गळली तेव्हा मी खालच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. दुसऱ्यांदा गळली तेव्हा तेल थंड करायला नेणारी नळी बदलली. उरली दोन सीलं. गिअरबॉक्समधून दोन्ही चाकांकडे एकेक दांडा जातो, तो जिथून बाहेर पडतो तिथे बसतात ती रबरी कडी. ती बसवली दादाने.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बहात्तर वर्षांचा. मला पाना धरायला शिकवला त्यानेच, आणि अजूनही मी पाना धरला की त्याच्या कपाळावर आठी येते. सील बसवायला त्याच्याकडे एक पाइपचा तुकडा आहे, त्याने स्वतः कापून घासलेला. तो सीलवर टेकवायचा, लाकडी हातोडीने ठोकायचा आणि कान द्यायचा. आवाज बदलला की सील बसलं. मला तो आवाज अजून नीट ओळखता येत नाही.

सहा महिने वहिनी माझ्यामागे लागली होती. "वन्सं, ह्यांना आता घरी बसवा हो. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील." परवा त्याचा जिन्यात पाय चुकला, त्याआधी ओळखीचा समजून कुणा भलत्याच माणसाला हात केला. मलाही दिसत होतंच सगळं. पण त्याच्या तोंडावर सांगायची छाती होईना, म्हणून मी ते या गाडीच्या गळ्यात बांधलं. "ही परत गळली तर बास हं, दादा," असं सीलं बसवायच्या दिवशी मी म्हटलं. हात पुसत तो "बरं" म्हणाला. गळणार नाही याची मला खात्री होती.

आणि आता तो नळाशी उभा राहून नर्सबाईंचं सगळं ऐकत होता. बाई गेल्यावर त्याने गाडीखाली बोट घालून थेंब टिपला, वास घेतला. "गिअरचंच," म्हणाला. मग कामाचा सदरा काढून खुंटीला लावला, खिशातला पाइपचा तुकडा माझ्या टेबलावर ठेवला.

"येतो गं, ठमे."

मी एकसष्ट वर्षांची आहे आणि मला ठमे म्हणणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "डबा विसरू नकोस." तो गेला. मला स्वतःचा राग आला, वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच जास्त लाज वाटली.

मग एकटीने कामाला लागले. तेल काढलं, चाक काढलं, दांडा ओढला. सील वाकडं बसलं असणार, हे मनाशी धरूनच मी बॅटरी मारली. वाकडं नव्हतं. चारी बाजूंनी सारखं, कडेला ओरखडा नाही, आतली बारीक स्प्रिंग जागच्या जागी. दुसऱ्या बाजूचंही तसंच. इतकं सुरेख मला आयुष्यात जमलेलं नाही.

फडक्याने पुसलं तेव्हा बाण दिसला. या गाडीची दोन्ही सीलं एका मापाची असतात, पण आत बारीक तिरप्या रेघा असतात. दांडा फिरला की त्या रेघा तेल आत लोटतात. दोन बाजूंच्या रेघा उलटसुलट, म्हणून कुठलं कुठे हे सांगायला सीलवर बाण असतो. इथे दोन्ही बाण मागे तोंड करून होते. म्हणजे गाडी पुढे निघाली की सीलच तेल बाहेर काढत होतं. मागे चालवली असती तर थेंब गळला नसता, पण नर्सबाईंना जन्मभर रिव्हर्समध्ये जा असं सांगणार कोण.

म्हणजे दादाने अदलाबदल केली. डोळे. वहिनीचं खरं होतं. मी तिथेच फरशीवर बसले. मग कशी कोण जाणे, कचऱ्याच्या पिंपात सीलांची खोकी दिसली आणि उठून ती काढली. त्यांच्यावर जाड पेनने लिहिलं होतं. एकावर "बा", दुसऱ्यावर "आ". अक्षर माझं.

ही आमच्या घरची भाषा. लहानपणी बाबा गाडी चालवायचे, आई शेजारी बसायची, आम्ही दोघं मागे भांडायचो. पुढे दादा मला शिकवू लागला तेव्हा गाडीखाली माझा डाव्या-उजव्याचा कायम घोळ व्हायचा, कारण डोकं कुठल्या दिशेला आहे त्यावर ते बदलतं. तेव्हा तो म्हणाला, बाबांची बाजू आणि आईची बाजू म्हण, कधी चुकणार नाहीस. दोघं जाऊन वर्षं झाली, पण गाडीखाली अजून आपापल्या जागी बसलेली असतात.

आणि खरंच कधी चुकलं नाही, कारण आमच्या सगळ्या गाड्यांत बाबा एकाच जागी, उजवीकडे बसायचे. खोक्यांवर छापलेली बाजू वाचून मी हाताच्या सवयीने बा आणि आ लिहिलं. दादा या गाडीखाली शिरला, स्टिअरिंग कुठे आहे ते बघितलं आणि जिथे बाबा बसले असते तिथे, म्हणजे डावीकडे, बाबांचं सील बसवलं. मी लिहिलं होतं अगदी तसं. दर वेळी गाडीला वळसा घालून शिव्या देणारी मी, लिहिताना मात्र माझी अक्कल कुठे गेली होती कुणास ठाऊक.

खोकी परत पिंपात टाकता आली असती. नवी सीलं घालायची, गप्प बसायचं. वहिनी खूश, दादा जिन्यात पडणार नाही. खोटं कशाला बोलू, दहा मिनिटं मी त्या पिंपाशी उभी होते. पण गाडी गळवली मी आणि सदरा खुंटीला लावला त्याने, हे काही घशाखाली उतरेना.

वहिनीने दार उघडलं. "आल्यापासून तिसरं कपाट आवरतायत," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मला मीठ सापडत नाहीये."

दादा स्वयंपाकघरात खाली बसला होता, भोवती डबे. मी त्याच्यासमोर सीलं आणि खोकी ठेवली. "तू बरोबर बसवलीस," मी म्हटलं. "बा आणि आ लिहिताना माझं चुकलं. स्टिअरिंग उलट्या बाजूला आहे." वहिनी दारातच थांबली.

त्याने सील उचललं आणि त्यावरून अंगठ्याचं नख फिरवत राहिला. मला वाटलं आता टोमणा मारेल. मारायला हवा होता, मला बरं वाटलं असतं.

"यावर बाण असतो," तो म्हणाला.

"असतो."

"तो बघूनच बसवायचं असतं. मीच शिकवलंय तुला." त्याने सील खाली ठेवलं. "मला नाही दिसला गं. तुला विचारणार होतो. पण विचारलं असतं तर तुला कळलं असतं."

रडू येणार असलं की मी चिडते. "मग आता कळलं ना," मी म्हटलं. "उद्या आठला ये. मला एकटीला तो आवाज ओळखू येत नाही."

वहिनीने माझ्याकडे बघितलं, मग उघड्या कपाटाकडे, मग त्याच्याकडे. "न्या बाई," ती म्हणाली. "पण आधी मीठ कुठे ठेवलंय तेवढं सांगू दे त्यांना."

दुसऱ्या दिवशी तो आठच्या आधीच येऊन सदरा घालून उभा होता. आम्ही दोघं गाडीखालच्या खड्ड्यात उतरलो, त्याला माझ्यापेक्षा कमी वेळ लागला. नवं सील त्याने हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, डोळे बारीक केले, जवळ नेलं, लांब नेलं. मला सगळं दिसत होतं.

"ठमे," तो म्हणाला, "बाण कुणीकडे आहे गं?"

इतक्या वर्षांत त्याने मला हजार गोष्टी सांगितल्या होत्या. विचारली ही पहिली.

"पुढे," मी म्हटलं, आणि त्याच्या हातात पाइपचा तुकडा दिला.