खिडकीतली नळी

रफलने उम्म सिनानच्या दंडाला रबरी पट्टी बांधली आणि शीर चाचपली. शीर लगेच सापडली. या बाईचं कधी काही अडतच नाही, असं तिच्या मनात आलं.

“लग्न झालं का गं तुझं?” उम्म सिनानने विचारलं.

“नाही, खाला.”

“होईल. सगळेच काही आमच्यासारखे चौकस नसतात.”

मोसुलच्या त्या इस्पितळात हृदयरोगी, मधुमेही आणि धडधाकट माणसं यांच्या रक्तातल्या होमोसिस्टीनची, म्हणजे हृदयविकाराशी जोडल्या जाणाऱ्या एका घटकाची, तुलना चालू होती. उम्म सिनान धडधाकटांच्या रांगेतून मोठ्या तोऱ्यात आली होती. काही वर्षांपूर्वी याच बाईने रफलच्या घरी बसून, तिच्या आईच्या हातचा चहा पिऊन, आपल्या मुलाशी, सिनानशी ठरलेलं तिचं लग्न मोडलं होतं. “तुमच्या रक्तातच साखर आहे. माझ्या नातवंडांत नको.” रफलचे मधुमेही वडील दाराआड उभे राहून ऐकत होते. त्या दिवसापासून त्यांनी औषधाला हात लावला नाही आणि हिवाळा संपायच्या आत ते गेले. रफलच्या लेखी तो खूनच होता.

ही तपासणी मोठी नाजूक. रक्ताची नळी लगेच बर्फात ठेवावी लागते. बाहेर राहिली, की पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात आणि आकडा आपोआप चढतो. बर्फाचा डबा हाताशीच होता. रफलने नळी खिडकीत उन्हात ठेवली आणि निवांत चहा प्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच फोन केला.

“खाला, तुमच्या रक्तात दोष निघालाय. हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा.”

फोन ठेवला तेव्हा रफलला फार बरं वाटलं.

महिनाभराने उम्म सिनान परत आली. चेहरा उतरलेला, हातात मिठाईचा डबा.

“हृदयाची शीर बंद पडत आली होती. स्टेंट बसवला. वर साखरही निघाली,” ती म्हणाली. “तुझा फोन आला नसता तर आज मातीत असते. परवा तुझ्या वडिलांच्या कबरीवर जाऊन आले.”

वडिलांचं नाव या तोंडून ऐकून रफलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मी तुम्हाला वाचवलं नाही. नळी मी मुद्दाम उन्हात ठेवली होती. आकडा खोटा होता. तुम्ही घाबरून झुरावं, एवढंच मला हवं होतं.”

उम्म सिनान डब्याची दोरी सोडत राहिली.

“माहीत आहे. तू नळी खिडकीत ठेवलीस ते मी बघितलं होतं. डॉक्टरांनी पुन्हा रक्त काढलं, तर आकडा साधाच. मला विचारत होते, नळी बर्फात ठेवली होती का? मी म्हटलं, हो. म्हणून त्यांनी पुढे हृदयही तपासलं.”



“मग बाबांच्या कबरीवर कशाला गेलात?”

“तुझी तक्रार करायला.” उम्म सिनान खुर्चीत बसली. तिचा आवाज खाली गेला. “पण तोंडच उघडेना, पोरी. नुसती रडले.”

तिने बाही वर सारली.

“घे रक्त. आता रोग्यांच्या रांगेत धर मला. आणि या खेपेला बर्फात ठेव हो.”

रफलने बर्फाचा डबा जवळ ओढला. पट्टी मात्र तिने गरजेपेक्षा जरा जास्तच आवळली.