सुट्टीच्या दिवशीचं मशीन

मंगळवारी लाँड्रीला सुट्टी असे. शटर खाली, दुकानात एकच ट्यूब चालू, आणि मागच्या दोन खोल्यांत घरची तीन माणसं. त्या मंगळवारी सकाळी आई इस्त्रीच्या टेबलाची कापडं साबणात भिजवत होती आणि मुलगी गिऱ्हाइकांच्या कोटांखाली स्टूल ओढून वही उघडून बसली होती. बाप अजून झोपेत होता. निदान दोघींना तसं वाटत होतं.

वहीत दोन रकाने होते. एकात इथलंच विद्यापीठ, बसने वीस मिनिटं. दुसऱ्यात लांबचं, आगगाडीने दीड दिवस. पीएचडीला दोन्हीकडे निवड झाली होती. फी दोन्हीकडे माफ, विद्यावेतन दोन्हीकडे, मार्गदर्शक दोन्हीकडे नावाजलेले. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही कळवायची मुदत त्याच संध्याकाळी पाचला संपत होती.

पोर रसायनं शिकली होती ती याच दुकानात. डाग काढायच्या टेबलाशी बापाच्या शेजारी उभी राहून, कुठला रंग कशाने सुटतो आणि कशाने पसरतो, हे तिने शाळेत जायच्या आधी शिकून घेतलं होतं. बापाचा हात या कामात असा होता, की शाईचा डाग कुठे होता ते गिऱ्हाइकाला दाखवूनही सापडायचं नाही. वागायलाही गोड. बाजारातल्या सगळ्या बायका आपल्या नवऱ्यांना सांगायच्या, बघा जरा, कसा मऊ बोलतो तो लाँड्रीवाला!

खरंच, काय मऊ बोलायचा हो मेला!

मुलीने ही वही कॉलेजातल्या बाईंना दाखवली होती. अर्ज, शिफारशीची पत्रं, सगळं बाईंनीच धावपळ करून करवून घेतलेलं. बाईंनी दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अगं, सगळं सारखंच आहे की! मग घर सोडून कशाला जातेस? आईच्या हातचं गरम खायला मिळेल, कपडे धुवायला तर अख्खी लाँड्री आहे!" मुलगी हसली. त्या वहीत एक ओळ लिहायची राहिली होती. ती लिहायची तिची हिंमत झाली नव्हती, आणि ती विचारायचं बाईंना सुचलं नव्हतं.

ती ओळ आता आपणच वाचू.

या घरात बाप मारायचा. बायकोला तर मारायचाच, पोर दहा-बारा वर्षांची झाल्यापासून तिलाही. हँगरने, पट्ट्याने, हाताला येईल त्याने. पण उठसूट नाही. माणूस मोठा शिस्तीचा. गिऱ्हाईक असताना आवाज चढवायचा नाही. राग आला की तो घडी घालून ठेवायचा आणि मंगळवारी काढायचा. मंगळवारी तो शांतपणे म्हणायचा, "मशीन लाव." मग आई उठायची. कोणी गिऱ्हाईक विसरून गेलेले कॅनव्हासच्या बुटांचे दोन जोड कोपऱ्यात असत, ते ती मोठ्या मशीनच्या ड्रममध्ये टाकायची आणि बटण दाबायची. बूट आत धबाधब आपटत राहायचे. आतलं बाहेर ऐकू जाऊ नये, म्हणून. हे काम आईचं होतं. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात सासूने शिकवलेलं. "घराची अब्रू बाईच्या हातात असते," सासू म्हणाली होती, आणि बूट कुठे ठेवायचे ते दाखवलं होतं.

तर लांबच्या रकान्याचं घरात कोणालाच माहीत नव्हतं. पण सोमवारी संध्याकाळी बाई आपला कोट न्यायला आल्या आणि कौतुकाने बोलून गेल्या, "नशीब काढलं हो पोरीने, दोन-दोन ठिकाणांहून बोलावणं! तो लांबचा विभाग तर देशात नंबर एक." बाप हसला. कोटावर प्लॅस्टिक चढवलं, दोन्ही हातांनी दिला, "तुमचे उपकार, बाई," म्हणाला. रात्री जेवताना मुलीला स्वतः वाढलं. उद्या मंगळवार होता.

दुपारी साडेचारच्या सुमारास तो मागच्या खोलीतून दुकानात आला. मुलगी मोबाइलवर उत्तर लिहीत होती.

"काय लिहितेस?"

"काही नाही, बाबा."

"इथल्याला हो म्हटलंस?"

खरं तर सकाळपासून तिचं मन दहा वेळा फिरलं होतं. आपण गेलो तर आईचं काय? अर्धा मार आपल्या वाट्याला येतो, तोही मग तिच्याच अंगावर पडेल. या एका विचाराने तिने दोनदा इथल्याला हो लिहिलं होतं आणि दोनदा खोडलं होतं. पण हे ती बापाला काय सांगणार?

"बाबा, मला तिकडे जायचंय," ती म्हणाली.

बापाने मान हलवली, गिऱ्हाइकाची तक्रार ऐकून घेतल्यासारखी. मग बायकोकडे न बघता म्हणाला, "मशीन लाव."

बूट ड्रममध्ये पडले. धब, धब, धबाधब.

पहिला हँगर तिच्या मानेवर तुटला. दुसरा पाठीवर. ती खाली बसली तेव्हा त्याने कमरेत लाथ घातली आणि केसांना धरून तिला उभी केली. "इथे काय कमी पडलं तुला? खायला घातलं, शिकवलं, माझं काम शिकवलं! आणि माझ्या तोंडाला काळं फासून पळतेस?" तिच्या ओठातून रक्त आलं ते काउंटरवरच्या चिठ्ठ्यांवर पडलं. तेवढ्यातही त्याने चिठ्ठ्या बाजूला सारल्या.

"कुठल्या हाताने पाठवणार उत्तर? ह्या?"

त्याने तिचा उजवा हात मनगटात धरला आणि वाफेच्या प्रेसवर ओढला. सुट्टीला प्रेस थंड असते. त्या दिवशी ती गरम होती. दुपारी दोघी मागे जेवत होत्या, तेव्हाच त्याने ती सुरू करून ठेवली होती. हे आईला तेव्हा कळलं, वाफ दिसली तेव्हा.

झाकण खाली आलं.

आई मशीनपाशी उभी होती, बटणावर हात ठेवून. मशीनच्या काचेतून ते बूट फिरताना दिसत होते. इतकी वर्षं तिला वाटायचं, हे मशीन बाहेरच्यांसाठी आहे. आज कळलं, की ते तिच्यासाठीही होतं. त्या धबाधबीत तिलाही पोरीचं रडणं कमीच ऐकू यायचं, म्हणून तर ती उभी राहू शकायची! तिचा हात आपसूक हलला. बटण बंद झालं. ड्रम दोनदा फिरून थांबला आणि लेकीची किंकाळी पहिल्यांदा तिच्या कानांवर पुरती आली.

मग तिचं तिलाच कळलं नाही ती कशी धावली. खांद्याने नवऱ्याला ढकललं, झाकण वर केलं, पोरीचा हात भिजवलेल्या कापडांच्या बादलीत घातला. साबणाचं पाणी होतं, आणखी आग झाली असेल, पण गार तेवढंच होतं. आणि ती तशीच शटरकडे वळली.

"कुठे निघालीस? ए! ए, हात लावशील तर याद राख!"

त्याने मागून तिचा अंबाडा धरला. तिने शटर सोडलं नाही. केसांचा झुपका त्याच्या मुठीत आला, कपाळ लोखंडावर आपटलं, भुवई फुटली, तरी तिने दोन्ही हातांनी शटर कमरेपर्यंत उचललं आणि मग लाथेने वर ढकललं. लख्ख ऊन आत आलं. समोर रस्ता होता, रस्त्यावर माणसं. पलीकडचा चष्म्याच्या दुकानाचा मालक दारात उभा होता. शेजारचा चाव्या बनवणारा हातात कानस घेऊन उठला होता.

लाँड्रीवाल्याने हातातले केस सोडले. सदरा खाली ओढला, बाहेर पायरीवर आला आणि आपल्या त्या मऊ आवाजात म्हणाला, "काही नाही हो, आज बंद आहे आपलं. मशीन जरा बिघडलंय."

"मशीनला धाड भरलेली नाही," आई म्हणाली. रक्त डोळ्यात उतरत होतं, ती पुसतही नव्हती. "मी बंद केलं. तुम्हाला ऐकू यावं म्हणून."

चावीवाला खाली बघत पुढे आला. "वहिनी," तो म्हणाला, "मशीन चालू असलं तरी ऐकू येतंच."

ती त्याच्याकडे वळली. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग आलात का नाही?"

चावीवाल्याने कानस खाली ठेवली. चष्मेवाल्याने नजर वळवली. पाच-पंचवीस माणसं जमली होती.

लाँड्रीवाला परत आत वळला, मुलगी होती तिकडे. तेव्हा मात्र चावीवाला शटरच्या मधोमध उभा राहिला. म्हातारा, हाडकुळा माणूस. एका धक्क्यात पडला असता. "आत जायचं नाही," तो म्हणाला. लाँड्रीवाल्याने त्याच्या थोबाडीत मारली. चावीवाला भेलकांडला आणि पुन्हा तिथेच येऊन उभा राहिला. मग चष्मेवाला आला, मग आणखी दोघे. कोणीतरी पोलिसांना फोन लावला. इतका सोपा होता तो फोन. पोलीस येईपर्यंत लाँड्रीवाल्याला त्यांनी बाहेरच अडवून धरलं.

"आधी दवाखाना," चष्मेवाला मुलीचा हात बघून ओरडला. बोटांची कातडी सोलून आली होती.

"जाऊ. आधी उत्तर," आई म्हणाली. "पाचच्या आत जायला पाहिजे ना गं? किती वाजले?"

"आई, मी इथलंच घेते. तू एकटी कशी..."

"मी एकटी?" आई तिच्यासमोर जमिनीवर बसली. "तू इथे होतीस म्हणून माझा एक फटका तरी चुकला का गं कधी? तुला मारायचा, तेव्हा मी ते बूट टाकत होते, बबडे. माझ्यासाठी थांबू नकोस. मीही इथे थांबत नाही."

मुलीने डाव्या हाताने उत्तर लिहिलं. एक-एक अक्षर शोधत, चुका करत, रडत. चार वाजून बावन्न मिनिटांनी ते गेलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी कागद पुढे ओढला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, कसं झालं? याआधी तीनदा आईने याच खोलीत 'पाय घसरला' असं सांगितलं होतं. या वेळी तिने सगळं सांगितलं, पहिल्या मंगळवारापासून. लिहिता लिहिता डॉक्टरांना दुसरा कागद घ्यावा लागला. खाली सही करताना ती म्हणाली, "ते बूट अजून मशीनमध्येच आहेत. पोलिसांना सांगा, घेऊन जा म्हणावं."

दोन महिन्यांनी मुलगी गाडीत बसली, सोबत आई. उजव्या हाताची दोन बोटं आता पुरती मिटत नाहीत. निघायच्या आधी ती बाईंना भेटून आली आणि ती वही त्यांच्या टेबलावर ठेवून गेली. बाईंनी उघडली. तेच दोन रकाने होते. सगळ्यात खाली, डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरात, एक नवी ओळ होती.

'मार: इथे आहे. तिथे नाही.'

दुसऱ्या दिवशी एक मुलगी अशीच दोन निवडपत्रं घेऊन त्यांच्याकडे आली, "दोन्ही सारखीच आहेत, बाई, कुठलं घेऊ?" म्हणत. बाईंनी पत्रं हातात घेतली नाहीत. उठून खोलीचं दार लावलं, खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि आधी विचारलं, "घरी कसं आहे गं?"