बारावा अर्ज

सरकारी इस्पितळातली लिफ्ट येत नव्हती. बाण पेटला होता, पण तो गेल्या वर्षापासून पेटलेलाच होता. खाली स्ट्रेचरवर नऊ वर्षांची मुलगी पोट धरून कळवळत होती. अपेंडिक्स कुठल्याही क्षणी फुटेल, असं डॉक्टर सांगून गेले होते. ऑपरेशन थिएटर तिसऱ्या मजल्यावर, आणि जिना इतका अरुंद की स्ट्रेचर वळत नाही. उचलून न्यावं, तर धक्क्याने अपेंडिक्स फुटायची भीती.

मुलीचा बाप प्लंबर. कामावरून तसाच धावत आलेला, खांद्याला हत्यारांची पिशवी. सकाळपासून त्याने केसपेपरची रांग, रक्ताची रांग आणि शिक्क्याची रांग झेलली होती. शिक्का मारणाऱ्या बाई चहाला गेल्या, त्या जणू चहाची लागवड करूनच परतल्या.

अखेर खडखडत लिफ्ट आली. जाळीचं दार सरकवत घामाघूम झालेला लिफ्टमन बाहेर आला.

"जरा थांबा हं. मधेच अडकली होती. आधी एक रिकामी फेरी मारून बघतो, मग पोरीला..."

"रिकामी फेरी? माझी पोर मरतेय इथे!"

प्लंबरने त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं. पिशवीतला जड पाना हातात कधी आला, त्याचं त्यालाच कळलं नाही. पहिला घाव लिफ्टमनने उजव्या हातावर झेलला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्या व्हरांड्याने ऐकला. दुसरा कपाळावर बसला. भिंतीवर रक्त उडालं. रांगेतली माणसं धावली, पण अडवायला नाही!

"हाणा! फुकटचा पगार खातात लेकाचे!"

एका सद्गृहस्थांनी तर चष्मा काढून खिशात ठेवला आणि नीट नेम धरून पडलेल्या माणसाच्या बरगडीत लाथ घातली.

"बाबा, नका ना मारू!" स्ट्रेचरवरून मुलगी किंचाळली. "ते मला वर नेणार होते!"

पाना हवेतच थांबला.

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर धावत आल्या. त्यांनी पाना हिसकावला.

"आता कोण नेणार वर? ही लिफ्ट चालवता येणारा एकच माणूस आहे इमारतीत, आणि त्यालाच तू आडवा केलास!"

लिफ्टमनच्या खिशातून पडलेले कागद रक्तात भिजत होते. सिस्टरांनी ते प्लंबरच्या नाकासमोर धरले. "वाच."

अर्जांच्या नकला होत्या त्या. एकूण अकरा. लिफ्टचं दार लागत नाही, ब्रेक सैल आहे, रुग्णाच्या जिवाला धोका आहे, तातडीने दुरुस्ती व्हावी. प्रत्येकाखाली एकच सही, लिफ्टमनची.

"नळाला पाणी आलं नाही तर लोक तुला मारतात का रे?"

गेल्याच महिन्यात एकाने प्लंबरला बादली फेकून मारली होती. मुळात फुटली होती गच्चीवरची टाकी!

"वरच्यांपर्यंत तुमचा हात पोचत नाही, म्हणून हाताशी सापडेल त्याला तुडवता. त्याने वरचा जागा होतो का? नाही! खालचा एक कमी होतो फक्त!"

"सिस्टर, भाषण नंतर," जमिनीवरून लिफ्टमन कण्हला. "पोरीला आत घ्या. आणि ए मारकुट्या, तुझे दोन्ही हात शाबूत आहेत ना? मग चल. मी सांगतो तसं कर."

लिफ्टमन मोडका हात छातीशी धरून लिफ्टच्या कोपऱ्यात टेकला. "दार पुरतं लागल्याशिवाय ही हलत नाही. डावा खांदा दाराला लाव. उचल. अजून. आता दांडा ओढ, हळू."

लिफ्ट दोन मजले चढली आणि गचकन थांबली. मुलीचे ओठ पांढरे पडले होते.

"साहेब, आता?" प्लंबर रडकुंडीला आला. दहा मिनिटांपूर्वी ज्याचं डोकं फोडलं, तो आता साहेब झाला होता.

"खांदा सोडलास तू. पुन्हा लाव. इथेच अडकते ती. म्हणून म्हणत होतो, आधी रिकामी फेरी मारू."

प्लंबरने जिवाच्या आकांताने दार उचललं. लिफ्ट हलली!

अपेंडिक्स फुटायच्या आत निघालं. पलीकडच्या खोलीत लिफ्टमनच्या कपाळाला नऊ टाके पडले.

संध्याकाळी पोलीस आले, तेव्हा प्लंबर लिफ्टमनच्या पायाशी बसला होता. "माफ करा, दादा."

"ते बघू. तक्रार मागे घेणार नाही, हात माझा मोडलाय. पण बारावा अर्ज लिहायचाय, आणि माझा लिहिता हात तू घालवलास. घे कागद. हवालदारसाहेब, पाच मिनिटं द्या."

प्लंबरने अर्ज लिहिला. खाली लिफ्टमनचा डाव्या हाताचा अंगठा, मग प्लंबरची सही, सिस्टरांची आणि व्हरांड्यातल्या त्रेसष्ट जणांची. चष्मेवाल्या सद्गृहस्थांचीही होती. मान खाली, अक्षर मात्र सुबक. या वेळी अर्ज खिडकीत टाकून लोक विसरले नाहीत. रोज दोघं जाऊन विचारत राहिले. सव्विसाव्या दिवशी नवा ब्रेक बसला. प्लंबरला शिक्षा झाली, ती त्याने मुकाट भोगली.

वाचकहो, रांगेत उभं राहून आपल्यापैकी कुणाची मूठ वळली नाही? तो राग खोटा नसतो. पण मूठ मारायला उचलाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि समोरच्याला विचारा, तुझ्या खिशात काय आहे? कदाचित आपलीच तक्रार त्याने अकरा वेळा लिहिलेली असेल. तिच्याखाली आपली सही नव्हती, एवढंच.