लोबान लागलेली दाढी

सलालाहच्या इस्पितळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या दालनापाशी मुसल्लम सकाळीच येऊन थांबला. अंगात धुतलेला पांढरा अंगरखा. आईने त्याला धुपाटण्यापाशी उभं करून छातीपासून दाढीपर्यंत लोबानाची धुरी दिली होती. लेकीला पहिल्यांदा उराशी घ्यायचं, तर बापाने कोरडंच जायचं?

परिचारिका बदरियाने दार उघडलं आणि नाकाला ओढणी लावली. "वरातीला निघालात का, भाऊ? या वासानं पोरीचा श्वास अडेल!"

पोर अकराशे ग्रॅमची. तिची आई तफूल तिला रोज उघड्या छातीवर घेई. त्या उबेत ती श्वास घ्यायला शिकत होती. काल तफूलला ताप भरला, तिला पोरीजवळ येऊ देईनात, आणि पोर मध्येच श्वास विसरू लागली. दुपारपर्यंत सावरली नाही, तर पुन्हा घशात नळी घालावी लागेल, असं डॉक्टर सांगून गेले होते.

मुसल्लमने तीनदा साबण लावला. बदरियाने हुंगून पाहिलं. "छाती चालेल. दाढी नाही."

"आणखी एकदा धुतो ना, बहिणी."

"केसांत मुरलाय तो. परवा या."

परवा! काचेआड यंत्र किंचाळलं. आत कुणीतरी धावलं.

"वस्तरा आहे?" मुसल्लम म्हणाला.

"बिनदाढीचं तुमची आई घरात घेईल का मग?"

"ओरडेल. ओरडू दे."

दाढी उतरली. बदरियाने तारांसकट पोर त्याच्या छातीवर ठेवली. उंटिणीच्या कानाएवढी लेक, कानासारखीच मऊ, कानासारखीच थरथरती. ती थरथर एकाएकी थांबली. ओठ निळसर झाले. यंत्र पुन्हा किंचाळलं.

"बहिणी, घे हिला!"

"मी नाही, तुम्ही. पाठीवरून बोट फिरवा."

उंटांच्या दोरखंडांनी खरबरीत झालेलं बोट त्या पाठीवर टेकलं. खालून वर, वरून खाली. नकळत त्याच्या उरातून उंटिणीचं दूध काढतानाचं गाणं घुमू लागलं. शब्द नाहीत, नुसता हुंकार. खालून वर, वरून खाली.

छातीवर एक हलका धक्का बसला. मग दुसरा.

दुपारपर्यंत तिचा श्वास आणखी दोनदा थांबला. दोन्ही वेळा बोट यंत्राच्या आधी हललं.

डॉक्टर आले, पडद्यावरचे आकडे बराच वेळ पाहत राहिले. "नळी नको आज," म्हणाले.

मुसल्लमने मान वर केली नाही. "किती वेळ बसू, बहिणी?"

"पाठ मोडेपर्यंत."

"मग बरंच बसता येईल," तो कुजबुजला.