कागदी पिशवीवरचं वादळ

झेफरिननं पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि सकाळी आठच्या बातम्यांत सांगितलेल्या वादळाच्या जागेचा ठिपका तपकिरी पिशवीवर टेकवला. किराण्याच्या या पिशव्यांवर दर वर्षी बेटांचा नकाशा छापून येतो, आडव्या-उभ्या रेघांसकट. लोक त्यातून साखर नेतात. झेफरिन एक पिशवी फाडून दुकानाच्या फळीवर खिळ्यांनी ठोकते, आणि जून ते नोव्हेंबर, वादळांच्या मोसमात, सगळं हार्वी वेल गाव तिच्या पेन्सिलीकडे बघत जगतं.

"टांटी, येतंय की जातंय?" कॉस्नेलनं विचारलं. सगळं गाव तिला टांटी, म्हणजे मावशी, म्हणे. कॉस्नेल कोळी, सकाळपासून बाकावर ठाण मांडून होता.

"पश्चिमेला सरळ. बाराव्या रेघेवरून. असंच राहिलं तर संध्याकाळी ग्रेनडाच्या डोक्यावर."

"म्हणजे आपल्या दक्षिणेनं. आपलं कॅरियाकू बेट वाचलं."

"वाचलं म्हणून लगेच बाटली उघडू नकोस. होडी घातलीस का खारफुटीत?"

"पहाटेच. चार दोरांनी मुळांना आवळलीय. बायकोला एवढं घट्ट बांधलं असतं तर माहेरी गेली नसती."

"तुझ्याशी बांधलेली बाई झाड उपटून घेऊन पळाली असती, बाबा."

बाकावरची माणसं हसली आणि हसता हसता दाराकडे वळली. दारात ऑटवे उभा होता.

अकरा वर्षांत तो या दुकानाची पायरी चढला नव्हता. काडेपेटी लागली तरी टेकडीपलीकडे चालत जाई. झेफरिनच्या हातची वस्तू तोंडात घालायची नाही, तिच्या विहिरीचं पाणी प्यायचं नाही, हा त्याचा नेम गावाला पाठ होता. पण गावात ठिपके देणारी पेन्सिल एकच होती, आणि ऑटवेच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू झाला होता.

वादळ आलं की होड्या खारफुटीच्या खाडीत शिरतात. पहिली येईल ती सर्वांत आत, शेवटची तोंडाशी. शेवटचा माणूस तोंडावर आडवा दोर बांधतो. दोर बांधला की वादळ सरेपर्यंत तो कुणी सोडायचा नाही, सख्खा भाऊ आला तरी; एकाला आत घेताना वीस होड्या सुटतात. अकरा वर्षांपूर्वी शेवटचा होता ऑटवे. त्याचा आतेभाऊ लेनवर्थ, झेफरिनचा नवरा, अर्ध्या तासानं मागून येत होता. टेकडीवरून झेफरिननं स्वतः पाहिलं होतं: ऑटवेनं डोळ्यांवर हात धरून समुद्राकडे बघितलं, शीड दिसलं, आणि मग तो वाकून दोर बांधू लागला.

"मला काही दिसलं नाही," असं त्यानं गावाला सांगितलं. गावानं ऐकून घेतलं. लेनवर्थ सापडला नाही. झेफरिननं त्याच्या नावाचा दगड घडवून घेतला, पण उभा केला नाही. लोक म्हणाले, दगड उभा कर, जेवण घाल, त्याला शांत होऊ दे. ती म्हणाली, त्या माणसाच्या तोंडून खरं निघू दे, मग बघू. नाहीतर तो तरी बुडू दे.

"काय म्हणतंय?" ऑटवेनं फळीकडे बघत विचारलं. माणसाकडे बघून विचारणं त्यानं टाळलं.

झेफरिननं हात पुसले.

"या ना, भाऊजी. बसा."

कॉस्नेलनं मान वर केली. भाऊजी हा शब्द त्या दुकानात लेनवर्थबरोबर गेला होता.

"बसायला नाही आलो."

"कोको घ्या थोडा. गरम आहे." तिनं पेलाही पुढे सरकवला. "हे बघा, वादळ दक्षिणेला ग्रेनडावर चाललंय. तुम्ही तिकडे पळू नका. खारफुटीत शिरा. तोंडाशी एक जागा आहे अजून."

"तोंडाशी?"

"तोंडाशी, भाऊजी. तुमच्यासाठीच म्हणते. जिवाची काळजी घ्या."

ऑटवेनं पेल्याकडे पाहिलं. वाफ वर चढत होती. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"माझा आजा सांगायचा, वादळाचं तोंड शेवटी उत्तरेलाच वळतं. आणि तू मला तोंडाशी बांधून ठेवणार. व्वा, झेफरिन. अकरा वर्षं लागली हे शिजवायला?"

"मी खरं तेच सांगतेय."

"हो, हो. गोड बोलतेस तेव्हा तर फारच खरं."

तो गेला. थोड्याच वेळात त्याच्या होडीचं इंजिन खोकलं आणि आवाज दक्षिणेकडे निघाला.

"बघ हा हट्टीपणा!" कॉस्नेल म्हणाला. "टांटी, तू तुझं काम केलंस. दुसरी कुणी असती तर खोटं सांगून बुडवला असता. सगळ्यांसमोर सांगतो, तुझं मन मोठं."

"कोको पी. निवतोय," झेफरिन म्हणाली आणि ऑटवेसाठी भरलेला पेला त्याच्यापुढे ठेवला. त्यात कोको, दूध आणि साखर, एवढंच होतं. जो गुळानं मरतो त्याला विष कशाला.

अकराचा ठिपका सरळ रेघेत पडला. तिनं त्या दिवशी कधी नव्हे ते मटाराची डाळ चवीनं खाल्ली. मध्येच दक्षिणेकडच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली, गुणगुणत.

दोनच्या बातम्या तिनं कान लावून ऐकल्या. मग पेन्सिल उचलली आणि तशीच धरून राहिली. एका श्वासापुरता तिला मोह झाला: ठिपका जिथे हवा तिथे द्यावा. पण बाकावर सहा माणसं होती, आणि सहांच्या घरी पोरं होती. तिनं ठिपका दिला. तो रेघ सोडून वर गेला होता.

"वळलंय," ती म्हणाली. "आपल्यावर येतंय."

मग बोलायला कुणाला वेळ नव्हता. माणसं धावली, छपरांवर दगड चढले, बकऱ्या घरात आल्या. खारफुटीच्या तोंडाशी दोर कुणीतरी बांधला. कॉस्नेल झेफरिनच्या खिडक्यांना फळ्या ठोकायला परत आला तेव्हा पाच वाजत होते आणि समुद्र शिशासारखा झाला होता. फळीखालचा बिनतारी संच खरखरला. या वाहिनीवर सगळ्या होड्या, सगळी दुकानं कान लावून असतात. वादळाच्या दिवशी तर जास्तच.

"ऑटवे बोलतोय. ग्रेनडाला पोचलो. इथे नुसता वारा आहे." आवाजात रम होती, आणि माणसं जमवल्याचा थाट होता. "हार्वी वेलमध्ये कुणी ऐकतंय का? झेफरिनला सांगा. तिनं खोटं सांगून मला मारायला बघितलं. पण मी मनात ठेवत नाही. विधवा बाई आहे. मी तिला माफ केलं, सगळ्यांच्या साक्षीनं."

"अरे, पण तिनं खोटं कुठे—" कॉस्नेल संचाकडे धावला. "थांब टांटी, मी सांगतो त्याला. मी होतो इथे, मी ऐकलंय. म्हणे माफ केलं!"

झेफरिननं त्याच्या हातातून बोलायचा तुकडा काढून घेतला. तिचा चेहरा असा झाला होता की कॉस्नेल हातोडा घेऊन मागे सरला. बुडाला असता तर तिनं सोसलं असतं. वाचला, तेही सोसलं असतं. पण त्याची माफी नाही.

तिनं बटण दाबलं.

"ऑटवे, मी झेफरिन. खोटं नाही सांगितलं मी. सकाळी होतं तेच सांगितलं. भाऊजी म्हटलं, कोको पुढे केला, कारण मला ठाऊक होतं की गोड बोलले तर तू ऐकणार नाहीस. तू दक्षिणेला जावंस आणि बुडावंस म्हणून मी खरं सांगितलं. ऐकताय ना सगळे? हे माझं."

कॉस्नेलच्या हातातला खिळा खाली पडला. बाहेर छपराचा पत्रा एकदा उचलला गेला आणि बसला.

"मी माझं सांगितलं," झेफरिन म्हणाली. "आता तू सांग, त्या दिवशी शीड दिसलं होतं का."

तिनं बटण सोडलं. संचातून नुसती खरखर येत राहिली. कॉस्नेल हळूच म्हणाला, "टांटी, एक खिडकी राहिलीय," आणि तिनं हात वर करून त्याला थांबवलं.

मग पलीकडे बटण दाबल्याचा खट् आवाज आला, आणि एका म्हाताऱ्या माणसाचा श्वास.